माप घ्यायचे वेगळे पैसे नसतात

पत्र

ताई, नमस्कार. मी अंबड तालुक्यातली. बी.एस्सी. झाल्यावर छत्रपती संभाजीनगरला मेडिकल कोडिंगचा, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदी वाचून विम्याच्या बिलासाठी कोड लावण्याचा, क्लास केला. सीपीसीची (कोडरच्या प्रमाणपत्राची) परीक्षा दुसऱ्या खेपेला निघाली आणि आता चिकलठाण्याकडच्या एका कंपनीत लागून सव्वा वर्ष झालं. आमच्या प्रोजेक्टला अमेरिकेतले फॅमिली डॉक्टर आणि त्वचेचे दवाखाने आहेत. चामखीळ जाळणं, गळू फोडणं, गुडघ्यात इंजेक्शन, कानातला मळ काढणं, अशी बारीकसारीक कामं. आमचे टीएल (टीम लीडर) सर सांगायलेत, चार्टमध्ये, म्हणजे पेशंटच्या नोंदीत, प्रोसिजर दिसली की सोबत व्हिजिटचा (वेगळ्या तपासणीचा) कोड टाकायचा आणि त्याला २५ हा मॉडिफायर, म्हणजे 'हे काम वेगळं' अशी खूण, लावायचा. 'डिनायल आलं तर बघू,' म्हणतात, म्हणजे विमा कंपनीनं नाकारलं तर मग बघू. मी काही चार्टवर व्हिजिट टाकली नाही तर क्वालिटीनं, म्हणजे काम तपासणाऱ्या टीमनं, माझ्याच नावावर एरर मारल्या. अ‍ॅक्युरसी ९७ वरून ९१ वर आली, इन्सेन्टिव्ह गेला. परवा गळू फोडलेला पेशंट सहाव्या दिवशी पट्टी बदलायला आला, त्याचीही व्हिजिट लावायला सांगितली.

क्लासची फी आईनं शिवणकामाच्या पैशातून भरली होती. घरी बोलले तर दादा, म्हणजे वडील, म्हणतील, सोडून दे नोकरी, गावाकडं ये, सोयरिकीचं बघू. मी चुकायले का? उद्या काही निघालं तर माझ्यावर येईल का? का सगळेच करतात म्हणून गप्प बसू?

— अंबडकडची एक कोडर

उत्तर

आधी उत्तर सांगते, मग कारण. तू चुकलेली नाहीस. ज्या चार्टवर तू व्हिजिट टाकली नाहीस, त्यातल्या बहुतेकांवर ती नसणारच. आणि नोकरी आज सोडायची नाही.

तुझी आई शिवणकाम करते, म्हणून तिच्याच कामातून सांगते. एखादी बाई ब्लाउज शिवायला आली की आई माप घेते, कापड उलटसुलट करून बघते, गळा केवढा ठेवायचा, अस्तर लावायचं का, हे विचारते. त्याचे वेगळे पैसे घेते का? ते शिलाईतच आलं. पण त्याच बाईनं पिशवीतून साडी काढली आणि 'हिला फॉल-पिको पण करून द्या' म्हटलं, तर ते पैसे वेगळे, आणि ते मागताना आईला कसला संकोच वाटत नाही. कारण ते काम खरंच वेगळं आहे. २५ हा मॉडिफायर त्या फॉल-पिकोसाठी आहे. तुमचे सर मापाचे पैसे लावायला सांगतात.

आता नियमाच्या भाषेत. अमेरिकेत बहुतेक प्रोसिजरला एक ग्लोबल पिरियड, म्हणजे नंतरची देखभाल त्याच पैशात धरलेले दिवस, दिलेला असतो: ०, १० किंवा ९० दिवस. ० आणि १० वाल्या छोट्या, ९० वाल्या मोठ्या. मोठ्या ऑपरेशनचा निर्णय ज्या भेटीत होतो ती भेट ५७ मॉडिफायर लावून वेगळी मागता येते. छोट्या प्रोसिजरला ही सोय नाही. 'ही चामखीळ जाळायची' हे ठरवणं, त्यासाठी ती तपासणं, पेशंटला समजावणं, संमती घेणं, जागा बधिर करणं, नंतर काय काळजी घ्यायची ते सांगणं, हे सगळं त्या प्रोसिजरच्या पैशात धरलेलं आहे. कोणते कोड सोबत लावायचे नाहीत ते सांगणाऱ्या सरकारी एनसीसीआय पॉलिसी मॅन्युअलच्या पहिल्याच अध्यायात हे स्पष्ट आहे. पेशंट नवा आहे एवढ्यावर व्हिजिट लावता येत नाही, हेही तिथंच लिहिलंय. हे मॅन्युअल सीएमएसच्या, म्हणजे तिकडच्या सरकारी विम्याचं काम बघणाऱ्या खात्याच्या, संकेतस्थळावर फुकट मिळतं. तो एवढा भाग उतरवून घे आणि टेबलावर ठेव. तुझ्या क्वालिटीवाल्यांनी तो बहुधा उघडलेला नाही.

चार्ट हातात आला की मी काय करते ते सांगते. प्रोसिजरशी संबंधित प्रत्येक ओळ मनातल्या मनात खोडते. चामखीळ कधीपासून आहे, कुठं आहे, केवढी आहे, लिक्विड नायट्रोजन किती सेकंद मारलं, सगळं खोडते. मग जे उरतं ते वाचते. उरलेल्यात डॉक्टरांनी दुसरं काही तपासलं, ठरवलं, औषध बदललं, असं स्वतःच्या पायावर उभं राहणारं काम असेल तर व्हिजिट आणि २५. 'हृदय-फुफ्फुस ठीक' एवढी एक ओळ उरली, तर ती व्हिजिट नव्हे. २०२१ पासून ऑफिस व्हिजिटची पातळी वैद्यकीय निर्णयावर किंवा त्या दिवशीच्या एकूण वेळेवर ठरते. वेळेवर ठरवत असशील तर प्रोसिजरला गेलेली मिनिटं त्यात धरायची नाहीत. इथं फार जण फसतात.

गुडघ्याचं इंजेक्शन घे, कारण तिथं तिन्ही तऱ्हा दिसतात. पहिल्या बाई मागच्या आठवड्यात येऊन गेल्या, डॉक्टर म्हणाले पुढच्या बुधवारी या, इंजेक्शन देऊ. बुधवारी आल्या, इंजेक्शन घेतलं, गेल्या. इंजेक्शन देण्याचा २०६१० आणि औषधाचा जे-कोड, बास. औषध ट्रायमसिनोलोन असेल तर जे३३०१ हा कोड १० मिलिग्रॅमचा आहे, तेव्हा ४० मिलिग्रॅमचे ४ युनिट होतात. दुसऱ्या बाई त्याच कामाला आल्या, पण शुगर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, गोळीचा डोस बदलला, तीन महिन्यांनी तपासणी सांगितली. ही व्हिजिट पक्की, २५ लावून. इथं तू भीतीनं व्हिजिट सोडलीस तर तीही चूकच. डॉक्टरांनी काम केलं आणि त्यांचे पैसे तुझ्यामुळं बुडाले.

तिसऱ्या बाईंमध्ये तुझा कस लागतो. गुडघा पहिल्यांदाच दुखायला लागलाय. डॉक्टरांनी दोन्ही गुडघे, कंबर, खुबा तपासला, एक्स-रे सांगितला, संधिवाताच्या रक्ततपासण्या लिहिल्या, पोटात घ्यायच्या गोळ्या दिल्या, आणि शेवटी इंजेक्शन दिलं. निदान एकच, गुडघेदुखी. तुमच्याकडं कुणीतरी सांगितलंच असेल की निदान वेगळं असेल तरच २५. ते खरं नाही. २५ साठी वेगळं निदान लागत नाही, वेगळं काम लागतं. उलटही खरं आहे: क्लेमवर नुसतं दुसरं निदान जोडून व्हिजिट उभी राहत नाही. या तिसऱ्या चार्टवर व्हिजिट बसू शकते, पण नोट तेवढं बोलत असेल तरच. नोटमध्ये 'गुडघेदुखी, तपासलं, इंजेक्शन दिलं' एवढंच असेल तर मनानं भर घालायची नाही. चार्ट होल्डला टाक आणि डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे लेखी विचारणा, पाठव. क्वेरीत उत्तर सुचवायचं नाही. 'त्या दिवशी आणखी काही तपासणी-उपचार झाला का, झाला असल्यास नोंद करावी' एवढंच विचार.

आता तुझा सहाव्या दिवशीचा गळूवाला. गळू फोडण्याच्या १००६० या कोडला १० दिवसांचा ग्लोबल आहे. पट्टी बदलणं, जखम बघणं, आत भरलेली कापडी पट्टी काढणं, हे त्या दहा दिवसांत आलं. नोंदीपुरता ९९०२४ टाकायचा, त्याला पैसे नसतात. त्याच माणसानं सहाव्या दिवशी येऊन 'बीपीची गोळी सोसेना' म्हटलं आणि डॉक्टरांनी त्यावर काम केलं, तर व्हिजिट लागेल, पण तिला २४ लावायचा, म्हणजे ग्लोबलच्या दिवसांत झालेलं, पण त्या प्रोसिजरशी संबंध नसलेलं काम. मेडिकेअर, म्हणजे तिकडचा मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी विमा, तर गळू पुन्हा चिघळलं आणि दवाखान्यातच परत बघितलं, तरी वेगळे पैसे देत नाही, पेशंटला ऑपरेशन थिएटरमध्ये न्यावं लागलं तरच देतं. खासगी विमा कंपन्यांचं थोडं वेगळं असू शकतं, म्हणून चार्ट उघडला की आधी पेअर, म्हणजे पैसे कोणता विमा देणार, ते बघायची सवय लाव.

तुझ्या प्रोजेक्टमधल्या बाकीच्या बारीकसारीक गोष्टींत चुका बहुतेक मोजणीत होतात. सहा चामखीळ जाळल्या तरी १७११० एकदाच, कारण तो १४ पर्यंतचा एकच कोड आहे. उन्हानं येणारे खरखरीत चट्टे, म्हणजे अ‍ॅक्टिनिक केराटोसिस, सहा असतील तर मात्र पहिल्याला १७००० आणि उरलेल्या पाचांना १७००३ चे ५ युनिट. टाके साधे असतील आणि शरीराचे ते भाग कोडच्या एकाच गटात येत असतील, तर लांबी बेरजेनं धरायची. हातावर २ सेंटिमीटर आणि पायावर ३ सेंटिमीटर म्हणजे ५, तेव्हा १२००२ एकदा, दोन कोड नाहीत. गाठ कापून काढली असेल तर गाठीच्या मापात दोन्ही बाजूंची सोडलेली कड मिळवायची, आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं, कारण साधी गाठ आणि कॅन्सरची गाठ यांचे कोड वेगळे. कानातल्या मळाला ६९२१० तेव्हाच, जेव्हा मळ घट्ट बसलेला असून उपकरणानं काढलाय. पाण्यानं धुतला असेल तर ६९२०९.

आता तुझा खरा प्रश्न, 'माझ्यावर येईल का'.

क्लेम डॉक्टरांच्या नावानं जातो, त्यामुळं पहिली जबाबदारी त्यांची. सरकारी विम्याकडं खोटा क्लेम पाठवण्याविरुद्ध अमेरिकेत १८६३ सालापासूनचा कायदा आहे, फॉल्स क्लेम्स अ‍ॅक्ट. त्यात नुकसानीच्या तिप्पट वसुली आणि वर प्रत्येक क्लेममागं दंड आहे. त्या कायद्यात 'जाणूनबुजून' या शब्दाचा अर्थ रुंद आहे. माहिती असूनही डोळे मिटून घेणं आणि बेफिकिरीनं करत राहणं, हेही त्यात येतं. 'डिनायल आलं तर बघू' हे वाक्य मला म्हणूनच टोचलं. आणि २५ वर नजर आजची नाही. तिथल्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयानं २००५ साली अहवाल काढला होता. २००२ मध्ये मेडिकेअरनं २५ लावलेले जे क्लेम मंजूर केले, त्यातले ३५ टक्के नियमात बसत नव्हते, आणि त्यापोटी ५३ कोटी ८० लाख डॉलर चुकीचे गेले होते. तेव्हापासून ऑडिटवाल्यांना कुठं हात घालायचा ते पाठ आहे.

अंबडच्या पोरीला उचलून कुणी अमेरिकेत नेणार नाही. पण तुझं नुकसान दुसऱ्या वाटेनं होऊ शकतं, आणि ते मी जवळून बघितलंय. माझं चौथं वर्ष होतं, हैदराबादला होते. आमच्या लीडनंही असंच तोंडी सांगितलं होतं आणि आम्ही अकरा जणी मान खाली घालून लावत गेलो. क्लायंटनं बाहेरचा ऑडिटर आणला, सहा महिन्यांचे चार्ट काढले. डॉक्टरांना पैसे परत करावे लागले. जास्तीचे पैसे आलेत हे कळल्यावर मेडिकेअरला ६० दिवसांत परत करायचे असा नियमच आहे. मग कंपनीत बैठक झाली. प्रत्येक चार्टवर कोडरचा युजर आयडी असतो. लीडचं तोंडी सांगणं कुठंच नव्हतं. आमच्यातल्या सात जणी बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना बसून, गेल्या, दोघी घरी. लीडनं सांगितलं, पोरींनी गाइडलाइन वाचली नव्हती. मी वाचले, कारण त्या महिन्यात मी दुसऱ्या प्रोजेक्टवर होते. नशीबच म्हणायचं, शहाणपण नव्हे. त्या दोघींतली एक आमच्या परभणीचीच होती. तिच्या घरी फोन मी केला होता, म्हणून हे विसरत नाही.

आणखी एक, जे ऑफिसात कुणी बोलत नाही. व्हिजिटचा कोड लागला की पैसे फक्त विमा कंपनी देते असं नाही. तिकडं पुष्कळांचं डिडक्टिबल (विमा सुरू होण्याआधी स्वतः भरायची रक्कम) भरायचं बाकी असतं, म्हणजे ते पैसे पेशंटच्या खिशातून जातात. चामखीळ जाळायला गेलेल्या माणसाच्या घरी महिन्यानं पाकीट येतं आणि त्यात न झालेल्या तपासणीचे डॉलर असतात. घाटीच्या सरकारी दवाखान्यात केसपेपर हातात धरून रांगेत उभी राहिलेली माणसं तू-मी बघितलीत. दवाखान्याचं एक बिल घराचं काय करतं ते आपल्याला कुणी शिकवायला नको. देश लांबचा असला तरी ते बिल तू केलेलं आहे.

आता करायचं काय. पहिलं, मोबाइलवर चार्टचा फोटो काढायचा नाही, मैत्रिणीला व्हॉट्सॅपवर पाठवायचा नाही, पेशंटचं नाव वहीत उतरवायचं नाही. पुरावा म्हणून काढलास तरी तो हिपाचा, म्हणजे पेशंटची माहिती गुप्त ठेवण्याच्या अमेरिकी कायद्याचा, भंग आहे, आणि मग बोट तुझ्याकडं वळेल, तेही रास्त कारणानं. जे काही करायचं ते कंपनीच्या मेलवर, चार्ट नंबर आणि तारीख घालून.

दुसरं, क्वालिटीनं मारलेल्या एररवर रिबटल, म्हणजे लेखी हरकत, टाक. तुमच्याकडं त्याला मुदत असेल, ती बघ. जुन्या गेल्या असतील तर इथून पुढच्या. सगळ्या चार्टवर भांडू नकोस, तीन निवड. ज्यांत दुमत व्हायला जागाच नाही असे तीन: आधीच ठरलेलं इंजेक्शन, नुसती चामखीळ, आणि तो सहाव्या दिवशीचा गळूवाला. प्रत्येकात तीन ओळी. नोटमध्ये काय आहे, मॅन्युअल काय म्हणतं, म्हणून मी व्हिजिट लावली नाही. 'सर चुकीचं सांगतात' हे वाक्य कुठंही यायला नको. रिबटल मान्य झालं तर तुझी अ‍ॅक्युरसी वर येईल. अमान्य झालं तर ते कारणासकट लेखी अमान्य होईल, आणि तुला तेच हवंय.

तिसरं, टीएल सरांना मेलनं साधा प्रश्न विचार: या क्लायंटसाठी छोट्या प्रोसिजरसोबत व्हिजिट लावण्याची लेखी गाइडलाइन एसओपीत (कामाच्या ठरलेल्या पद्धतीत) कुठं आहे, कृपया पाठवावी. भाषा नम्र ठेव, मनातही राग ठेवू नकोस. कदाचित त्यांच्यावरही वरून आकड्याचा तगादा असेल, कदाचित त्यांना कुणी नीट शिकवलंच नसेल. तुझ्या वयाच्या पोरी लीड झालेल्या मी बघितल्यात, आणि त्यांना ग्लोबल पिरियड आणि डिस्चार्ज यातला फरक सांगता आला नाही. त्या वाईट नव्हत्या, घाईनं वर चढवलेल्या होत्या. मेलला उत्तर आलं नाही आणि सर जागेवर येऊन तोंडीच म्हणाले की 'लावत जा', तर त्याच दिवशी परत मेल टाक: आज आपण असं सांगितलंत, मी बरोबर समजले ना? पंधरा दिवसांत काही हललं नाही तर कंप्लायन्सकडं, म्हणजे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या खात्याकडं, जा. अमेरिकेचं काम घेणाऱ्या कंपनीत ते खातं किंवा निदान एक मेल आयडी असतो. इंडक्शनच्या दिवशी दिलेल्या कागदात सापडेल. मेलमध्ये तेच तीन चार्ट, तीच तीन कारणं, आणि सरांचं नाव एकदाच.

आणि रोज समोर येणाऱ्या चार्टचं काय करायचं? ज्याला व्हिजिट नाही त्याला लावू नकोस. इन्सेन्टिव्ह जाईल हे मला माहीत आहे, आणि सव्वा वर्षाच्या पोरीला दर महिन्याला तेवढे पैसे जाणं म्हणजे काय तेही माहीत आहे. एक-दोन महिने ते सोस. अ‍ॅक्युरसी घसरलेली दिसत असताना तुझी मेल आणि रिबटल जागेवर असतील, तर पुढं विचारणाऱ्याला दाखवायला तुझ्याकडं काहीतरी असेल.

त्याच वेळेला दुसरी नोकरीही बघत राहा. तुझ्या नावापुढं अजून सीपीसी-ए लागत असेल, 'ए' म्हणजे शिकाऊ. तो 'ए' काढायला दोन वर्षांचा अनुभव लागतो असं समजून तू थांबली असशील. पण ८० तासांच्या कोडिंग शिक्षणाचं प्रमाणपत्र असेल तर ते एका वर्षाच्या जागी धरतात, आणि तुझं एक वर्ष तर भरलंय. क्लासवाल्यांना फोन कर, तासांचा आकडा लिहिलेलं प्रमाणपत्र माग. आईनं भरलेल्या फीतला तो हिस्सा अजून वसूल व्हायचाय. अनुभवाचं पत्र मात्र वातावरण तापायच्या आत मागून घे. रिबटल आज टाकलंस तर पत्राचा अर्ज कालचा असू दे.

घरचं राहिलं. दादांना अर्धवट सांगू नकोस. 'ऑफिसात त्रास आहे' एवढंच कानावर गेलं तर ते सोयरिकीवर येणारच, बापाला दुसरं सुचत नाही. आधी आईला बसवून सांग, मापाचं आणि फॉल-पिकोचं. तिला एका वाक्यात कळेल. मग तिला दादांशी बोलू दे: पोरगी खोटा हिशोब लिहायला नाही म्हणायली, म्हणून तिचे पैसे कापलेत. हे ऐकून गावाकडं ये म्हणणारा बाप मला तरी माहीत नाही. आणि म्हणालेच, तर मला पुन्हा लिही. दादांना काय सांगायचं ते मी वेगळं लिहीन.